शेवटच्या रेघांतलं हसू

मी एक तबकडी बोलतेय. जॅझची, काळी, बारा इंची आणि वाकडी. वाकडी आहे म्हणून सुरुवातीला माझा आवाज थोडा हेलकावे खाईल. तेवढं सांभाळून घ्या आणि सुई लगेच उचलू नका. सुई लवकर उचलली गेली, म्हणूनच तर हे सगळं सांगायची वेळ माझ्यावर आली.

माझा जन्म कलकत्त्याजवळच्या एका कारखान्यात झाला. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. गरम काळ्या गोळ्याला दोन साच्यांमध्ये दाबलं आणि मी निघाले. माझ्यातलं संगीत मात्र त्याहून जुनं. ते समुद्रापलीकडे तीन माणसांनी एका खोलीत बसून वाजवलेलं. एक पियानोवर, एक माणसाएवढ्या उंच बासवर आणि एक ढोल-झांजांवर. तिकडे त्याची पहिली तबकडी निघाली, लोकांनी उचलली आणि संपली. मग कितीतरी वर्षांनी इथे तीच पुन्हा छापली. अशा पुन्हा छापलेल्या तबकडीला जमवणारे लोक रीइश्यू म्हणतात आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. माझं कव्हरही तसंच, पातळ पुठ्ठ्याचं. वर एकाच निळ्या रंगात एक पियानो.

लखनौला हजरतगंजमधल्या एका दुकानातून कुणीतरी मला लग्नाच्या आहेरासाठी घेतलं. त्या घरात मी एकदा वाजले. नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारलं की हे सुरू कधी होणार, आणि मला कपाटावर टाकलं. तिथे पंचवीसेक वर्षं पडून होते. घराची वाटणी झाली तेव्हा रद्दीबरोबर नखासच्या रविवारच्या बाजारात पोचले.

नखासला फूटपाथवर शब्बू मियाँ बसायचे. त्यांच्या चादरीवर गंजलेली कुलुपं, बंद पडलेली घड्याळं, पितळी पानदान आणि आम्ही तबकड्या. तिथेच एका सकाळी आत्माराम गजभिये उकिडवे बसले आणि त्यांनी मला उचललं.

त्यांनी आधी कव्हर पाहिलं नाही. मला बाहेर काढून लेबलाजवळच्या मोकळ्या जागेत कोरलेला नंबर उन्हात तिरका धरून वाचला. मग रेघांना बोट न लावता फक्त कडा तळव्यांत धरून पेललं. तोवर मला इतक्या अदबीनं कुणी धरलं नव्हतं.

शब्बू मियाँ म्हणाले, "साहब, ये तो दुबारा छपी हुई है. आप इसका क्या कीजिएगा?"

"असली तो सब ले जाते हैं, शब्बू भाई. इसे कौन ले जाएगा?"

आत्माराम मूळचे भंडाऱ्याकडचे. टेलिफोन खात्यात नोकरी. कानाला हेडफोन लावून तारेतली खरखर ऐकायची आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. नोकरीच्या सुरुवातीला नागपूरला एका सीनियरच्या ट्रान्झिस्टरवर कधीकधी परदेशी स्टेशन लागायचं, त्यावर जॅझ असायचं. बाकीचे ओरडायचे, बंद करा ते. आत्माराम म्हणायचे, थांबा, हे लोक एकमेकांचं ऐकून वाजवताहेत. दिवसभर बिघाड ऐकणाऱ्या माणसाला ते ऐकून फार बरं वाटायचं. पुढे बदली होऊन लखनौला आले, इंदिरा नगरात घर झालं, आणि रविवारी नखासला जाऊन तबकड्या शोधायचा नाद लागला. तो नादही असा की दुसऱ्यांनी बाजूला सारलेली रीइश्यूच आधी चाळायची.

मला घेऊन ते घरी आले तेव्हा त्यांच्या पत्नी यमुनाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"तुम्हाला सब्जी आणायला पाठवलं होतं न?"

आत्माराम हसले आणि सांगू लागले की ही बघ, ही दुसऱ्यांदा छापलेली आहे, हिला कुणी विचारत नाही, पण दुसऱ्यांदा छापली म्हणून काही हलकी होत नाही. यमुनाबाईंनी पदराला हात पुसत ऐकून घेतलं.

"म्हणजे मामंजींसारखी," त्या म्हणाल्या. "छप्पन साली नागपूरला परत छापलेली."

आत्माराम चप्पल काढता काढता खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि आपला खरा जन्म त्या दिवशीचा असं ते मरेपर्यंत सांगायचे. त्या दिवसापासून या घरात रीइश्यू हा शब्द कुणी तोंड वाकडं करून म्हटला नाही.

त्या घराचा रविवारचा एक रिवाज होता. पहाटे नखास, मग दोघांनी विहारात जाऊन वंदना, मग घरी येऊन चहा. त्यानंतर यमुनाबाई जमिनीवर पेपर पसरून मेथी नाहीतर बथुआ, म्हणजे चाकवत, निवडायला बसायच्या आणि आत्माराम एक तबकडी लावायचे. लेक स्नेहल तेव्हा शाळेत होती. ती कानावर उशी घेऊन म्हणायची, "बाबा, ये बर्तन क्यों गिरा रहे हैं सुबह-सुबह?" यमुनाबाईंनाही यातलं फारसं आवडत नव्हतं. पण त्या उठून जात नसत. भाजी निवडून होईपर्यंत आणि तबकडी संपेपर्यंत बसायच्या. सुई आत शिरून टक टक करू लागली की उठायच्या.

माझी पहिली बाजू त्यांना बरी वाटली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संथ होतं. ते चालू झालं आणि त्यांचा हात मंद झाला. गाणं संपलं. आत्माराम उठू लागले तशा त्या म्हणाल्या, "थांबा न. ते लोक हसतात शेवटी."

आत्मारामांनी सुई पुन्हा मागे ठेवली. खरंच होतं. शेवटचा सूर विरतो, एक खुर्ची सरकते, कुणीतरी हळूच काही पुटपुटतं आणि तिघंही हसतात. कष्टाचं काम छान पार पडल्यावर माणसं हसतात ना, तसं. रोज बारीक खरखर पकडणाऱ्या माणसाच्या कानातून ते सुटलं होतं. त्यांनी पियानो ऐकला, बास ऐकला, छपाईतला दोष आहे का ते ऐकलं. यमुनाबाई माणसं ऐकत होत्या.

पुढे एकदा आत्मारामांनी एका ओळखीच्या वकिलांकडून पहिल्या छपाईची तबकडी एका दिवसापुरती घरी आणली. फार मोलाची, जाड कव्हरची. तीच गाणी. शेवटचं गाणं आलं आणि आवाज हळूहळू कमी होत होत गेलाच. स्वयंपाकघरातून यमुनाबाईंचा आवाज आला, "यात ते हसले नाहीत."

तेव्हा कळलं. तिकडे पहिल्या वेळी कुणीतरी शेवट कापला होता. कलकत्त्याला माझा साचा करताना तो कापायचा राहून गेला असावा. त्यामुळे अर्धं मिनिट जास्त माझ्याकडे होतं. सगळे जिला हलकी म्हणत होते, तिच्याकडे.

आत्मारामांची एक वही होती. तबकडीचा नंबर, कुठे मिळाली, कशी आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. माझ्या पानावर त्यांनी लिहिलं, "शेवटी अर्धं मिनिट जास्त. तिघं हसतात. यमुनाने ऐकले." यमुनाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी स्वतः ते वाचलं, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आता या वहीला मीठ लागलं." त्यानंतर दर वेळी शेवटच्या गाण्याचा शेवट जवळ आला की आत्माराम हाक मारायचे, "आले बघ तुझे लोक." यमुनाबाई जिथे असतील तिथून येऊन दारात उभ्या राहायच्या. तिघं हसले की त्याही थोडं हसायच्या आणि परत जायच्या. बारा-तेरा वर्षं हे चाललं. मला वाटायचं, असंच झिजून संपावं.

पण तसं व्हायचं नव्हतं.

आठ-नऊ वर्षांपूर्वीचा मे महिना. आत्माराम पुतण्याच्या लग्नासाठी नागपूरला गेले होते. स्नेहल नोएडाला नोकरीला लागली होती. यमुनाबाई एकट्याच घरी. कूलरची नळी निसटली आणि पाणी भिंतीच्या कडेनं कपाटात शिरलं. वरच्या खणात पहिल्या छपाईच्या तबकड्या होत्या, त्या वाचल्या. खालच्या खणात आम्ही रीइश्यू, तीस-पस्तीसजणी. आमची कव्हरं भिजली, कुबट वास सुटला.

सकाळी यमुनाबाईंनी कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. पण बसून राहणाऱ्या त्या नव्हत्या. आत्माराम तबकड्या कशा धुतात ते त्यांनी कितीदा पाहिलं होतं. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस, मऊ फडकं, गोल गोल हात, लेबलाला थेंब लागू द्यायचा नाही. त्यांनी एकेकीला अगदी तसंच धुतलं. मला धुताना तर त्या बोलतही होत्या, "तुझे ते हसणारे लोक बुडाले नाहीत न, बाप्पा?" इतके हलके हात की मला लाज वाटली.

आत्माराम धुतलेल्या तबकड्या पंख्याखाली उभ्या करून सुकवायचे. त्या दिवशी वीज गेलेली. ओल राहिली तर बुरशी लागेल, ही यमुनाबाईंना भीती. आणि गच्चीवर त्यांनी आदल्या दिवशी घातलेल्या कुरड्या वाळत होत्या. विदर्भातल्या बाईला मे महिन्याच्या उन्हाएवढा भरवशाचा सोबती कोण? धान्य, वड्या, लोणच्याच्या फोडी, गाद्या, सगळं तेच तर वाळवतं. त्यांनी जुनं लुगडं पसरलं, कुरड्या थोड्या सरकवल्या आणि आम्हाला त्यांच्या शेजारी ओळीनं मांडलं. कावळा शिवू नये म्हणून वरून साडीचा पातळ पदरही टाकला.

लूच्या गरम झळा वाहत होत्या. मला आधी बरं वाटलं, अंगातली ओल गेली. मग कडा मऊ व्हायला लागल्या. साच्यातून निघाले त्या दिवसाची आठवण झाली. मी ओरडू शकत नाही. सुई नसेल तर मला आवाजच नसतो.

दुपारी दोनला त्या वर आल्या. कुरड्या छान वाळल्या होत्या. आम्ही वाकलो होतो.

पुढचे दोन दिवस त्यांनी आम्हाला पाट्याखाली दाबून ठेवलं. पाट्यावर वरवंटा, वरवंट्यावर तांदळाचा डबा. तासातासानं डबा काढून बघायच्या. आम्ही सरळ झालो नाही. तिसऱ्या दिवशी आत्माराम आले. त्यांनी बूटही काढले नव्हते तेव्हाच यमुनाबाईंनी सगळं सांगून टाकलं. रडल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बोला मला काय बोलायचं ते."

आत्मारामांनी मला डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले.

एवढंच. त्या दोन शब्दांत राग नव्हता, हे मला माहीत आहे. त्यांची बोटं माझ्या कडेवर होती, त्यांना राग असता तर मला कळला असता. त्यांना खरं तर रडू येत होतं, आणि पुढे बोललो तर रडू फुटेल आणि ते बघून हिला आणखी वाईट वाटेल, म्हणून ते थांबले. पण यमुनाबाई त्यांच्या बोटांत नव्हत्या. त्यांनी फक्त थांबलेलं पाहिलं.

दोन दिवसांनी यमुनाबाई बाजारात गेल्या असताना आत्मारामांनी मला लावलं. सुईच्या दांड्यावर चार आण्याचं जुनं नाणं ठेवलं, सुई उडू नये म्हणून. सुई माझ्या बाहेरच्या कडेवर बसली आणि होडीसारखी वरखाली होऊ लागली. पियानो दारू प्यायल्यासारखा. एक मिनिटही झालं नसेल. फाटकाची कडी वाजली आणि त्यांनी झटकन सुई उचलली, मला कव्हरात घालून खालच्या खणात ठेवलं. हा आवाज तिच्या कानावर कधी पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

आणि ते ठरवलं म्हणून पुढचंही ठरलं. वरच्या खणातल्या चांगल्या तबकड्या लावल्या तर यमुना विचारणार, ती आपली का नाही लावत? म्हणून त्याही नाहीत. रेकॉर्ड प्लेअरवर विणलेला रुमाल आला, रुमालावर निवडुंगाची कुंडी आली. त्या घराचा रविवार मुका झाला.

मी खालच्या खणातून सगळं ऐकत होते. यमुनाबाई मेथी निवडता निवडता म्हणायच्या, "लावा न काही तरी." आत्माराम म्हणायचे की आता कान थकले. एकदा त्या म्हणाल्या, "सगळं नका लावू. ते शेवटचं तरी लावा, माझ्या लोकांचं." आत्माराम म्हणाले, "नको ते आता." किती हळू म्हणाले. पण नको ते नकोच असतं ना.

मला सांगायचं होतं, अहो, ऐका तिचं. शेवटचं लावा. ऊन माझ्या कडेला चावलं होतं. आत, लेबलाजवळ, मी पूर्वीसारखीच सपाट होते. तबकडी कडेला जास्त वाकते, पोटाशी कमी, हे आत्मारामांसारख्या माणसाला माहीत नसेल असं कसं होईल? पण दुखऱ्या जागेवर दुसऱ्यांदा हात कोण ठेवतं?

त्यांनी दुसरा मार्ग धरला. माझ्यासारखीच दुसरी शोधायची. तोच कारखाना, तोच नंबर, तेच अर्धं मिनिट. मिळाली की एका रविवारी काही न बोलता लावायची, शेवट आला की हाक मारायची. हे त्यांनी यमुनाबाईंना सांगितलं नाही, कारण त्यांना तिचा चेहरा बघायचा होता. फक्त शब्बू मियाँना सांगितलं. शब्बू मियाँ म्हणाले, "साहब, लोग असली ढूँढते-ढूँढते बूढ़े हो जाते हैं. आप नक़ल के पीछे बूढ़े होइएगा?" पण माझा नंबर त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतला.

ज्या वस्तूला कुणी जपत नाही ती दुसऱ्यांदा मिळणं फार अवघड. पहिल्या छपाईच्या तबकड्या लोक सांभाळून ठेवतात, याद्या करतात. आम्ही रद्दीत जातो. आत्मारामांनी कलकत्त्याला पत्रं टाकली, निवृत्तीनंतर स्नेहलकडून मोबाइलवर शोधायला शिकले. एकदा आलमबागमध्ये एकाकडे निळ्या पियानोचं तेच कव्हर मिळालं. घरी कुणी नसताना लावून पाहिली. शेवटी आवाज हळूहळू विरून गेला. ती नंतरची छपाई होती, कुणीतरी चूक सुधारलेली. ती ते परत देऊन आले.

यमुनाबाईंना यातलं दिसायचं ते एवढंच, की हे दर रविवारी बाहेर जातात आणि रिकाम्या हातानं येतात. कपाटाला टेकून त्या फोनवर स्नेहलशी बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझ्या बाबांना घरात थांबवत नाही ग. मी त्यांचं गाणं मारलं."

फोनमधून स्नेहलचा आवाज आला, "आई, आप भी ना. बाबा ग़ुस्सा होते तो बोलते."

"बोलले असते तर बरं झालं असतं," यमुनाबाई म्हणाल्या.

मागच्या डिसेंबरात त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. भरती व्हायच्या दिवशी सकाळी त्यांनी देव्हाऱ्यातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, गॅसची टाकी बंद केली आणि कपाटापाशी आल्या. फडक्यानं आमच्या कडा पुसल्या. मला बोटानं थोडं बाहेर ओढलं. आत्माराम हातात पिशवी घेऊन दारात उभे होते, ऑटो खाली थांबला होता.

"जायच्या आधी एकदा ऐकवता काय," त्या म्हणाल्या, "माझ्या लोकांना?"

आत्मारामांचे ओठ हलले. त्यांना सांगायचं होतं की तिकडे कानपूरला एकाकडे असल्याचं कळलंय, पुढच्याच आठवड्यात जाणार आहे. मला ते शब्द जवळजवळ ऐकू आले.

"तू घरी ये आधी," ते म्हणाले. "आल्यावर ऐकवतो."

यमुनाबाईंनी मान हलवली, मला आत सारलं आणि कपाटाचं दार नीट लावून घेतलं. त्या परत आल्या नाहीत. कानपूरच्या माणसाकडची तबकडीही दुसरीच निघाली, पण ती गोष्ट आता कुणाच्या कामाची नव्हती.

यमुनाबाईंच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंडाऱ्याचे पाहुणे गेले. स्नेहल राहिली. बाबांना एकटं ठेवायचं नाही, नोएडाला न्यायचं, असं तिच्या मनात होतं. घर हळूहळू आवरायला काढलं. तबकड्या बघायला एक तरुण गिऱ्हाईक आलं. वरच्या खणातल्या त्यानं हातमोजे घालून चाळल्या आणि सगळ्या घेतो म्हणाला. खालच्या खणातली एक काढून त्यानं उजेडात धरली आणि हसला.

"अंकल, ये तो पापड़ हो गए हैं."

त्याला काय माहीत. स्नेहलचा चेहरा उतरला. आत्माराम म्हणाले की वरच्या न्या, या राहू द्या.

तो गेल्यावर स्नेहल जवळ बसली. तिनं समजुतीनं विचारलं, "बाबा, इनका क्या करेंगे? बजती भी नहीं हैं."  ती स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली. मग त्यांनी निवडुंगाची कुंडी खाली ठेवली, रुमालाची घडी घातली आणि मला काढलं. आता आवाज कसाही येवो, वाईट वाटून घेणारं कुणी उरलं नव्हतं.

दुसरी बाजू. नाणं दांड्यावर. सुई बसली आणि पुन्हा तीच होडी. पियानो रडत होता, बास उलट्या दिशेला वाहत होता. दोन ठिकाणी सुई उडाली. आत्माराम समोर गुडघे जवळ घेऊन बसले होते. त्यांनी सुई उचलली नाही. उचलायला उठायची ताकद नव्हती, असं मला वाटतं.

दुसरं गाणं जरा कमी डुललं. तिसरं आणखी कमी. त्यांनी मान वर केली. शेवटचं संथ गाणं सुरू झालं तेव्हा सुई माझ्या सपाट भागात शिरली होती. पियानो सरळ चालायला लागला. झांजेवरचा ब्रश ऐकू आला, बासच्या लाकडाचा घुमारासुद्धा. आत्माराम बसल्या बसल्या पुढे सरकले. त्यांना कळलं होतं. पुढचं काय येणार तेही कळलं होतं, आणि ते येऊ नये असंही त्यांना वाटत असावं.

शेवटचा सूर विरला. खुर्ची सरकली. कुणीतरी पुटपुटलं, आणि ते तिघं हसले. जसे पहिल्या दिवशी हसले होते, तसेच, एक ओरखडाही नाही.

स्नेहल चहाची किटली तशीच हातात घेऊन दारात आली. बरोबर तिथे, जिथे तिची आई येऊन उभी राहायची.

"बाबा, ये कौन हँसा?"

"तुझ्या आईचे लोक," आत्माराम म्हणाले.

सुई मधोमध जाऊन टक टक करत राहिली. ते बोलू लागले, माझ्याशी की स्नेहलशी ते कळलं नाही.

"होतं इथेच. आठ वर्षं होतं. कुठल्याही रविवारी ऐकवता आलं असतं तिला. ती म्हणत होती, शेवटचं तरी लावा." मग म्हणाले, "ती मी रागावलोय असं समजून गेली, स्नेहल."

स्नेहलनं किटली खाली ठेवली. आईनं फोनवर काय काय सांगितलं होतं ते तिला आठवलं असणार. नाही बाबा, असं काही नव्हतं, असं तिनं म्हणायला हवं होतं. पण ते खोटं झालं असतं. ती आयुष्यभर हिंदीत उत्तरं देणारी पोर, त्या दिवशी आईच्या बोलीत एवढंच म्हणाली, "काहून नाही सांगितलं तुम्ही तिला?" आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

नोएडाचं जाणं सध्या लांबलं आहे. मी अजून इंदिरा नगरात आहे. वरचा खण रिकामा झाला, खालचा तसाच. आत्माराम आता नखासला जात नाहीत. शब्बू मियाँचा एकदा फोन आला होता, की साहब, वही नंबर मिल गया लगता है. आत्मारामांनी शुक्रिया म्हटलं आणि सांगितलं की आता नको, ज्याला तो शेवट ठाऊक असेल अशा कुणाला द्या.

माझ्या पानावर वहीत त्यांनी एक नवी ओळ लिहिली आहे. "कड वाकली आहे. शेवट शाबूत आहे. तपासायला उशीर झाला." लिहून झाल्यावर वही बराच वेळ उघडीच राहिली. त्या जुन्या ओळीवर, यमुनाबाईंनी जिथे बोट ठेवलं होतं तिथे, त्यांचंही बोट होतं.

माझं आता फार दिवसांचं आयुष्य नाही. मी रोज पुन्हा पुन्हा वाजते आहे, आणि वाकड्या तबकडीला सुई जास्त ओरबाडते. एक दिवस ते हसूही खरखरीत होईल. त्याआधी एक विनंती आहे. तुमच्या घरातही अशी एखादी तबकडी असेल, किंवा एखादं माणूस असेल, ज्याच्याशी तुम्ही काळजीपोटी बोलत नाही. तुमच्या गप्प बसण्यात किती माया आहे ते तुम्हालाच ऐकू येतं. समोरच्याला फक्त गप्प बसणं ऐकू येतं. त्याला सांगा, की मी रागावलेलो नाही. एवढं एक वाक्य पुरतं. तेव्हा मला बोलता आलं असतं तर मी कपाटातून एवढंच सांगितलं असतं.

आज रविवार आहे. विहारातून येऊन त्यांनी चहा केला, पेपर पसरला आणि मेथीची जुडी सोडली. त्यांना नीट निवडता येत नाही, पानांबरोबर देठही जातात. मला लावलं आहे, अगदी सुरुवातीपासून. वाकडा भाग ते आता टाळत नाहीत. ते ऐकून घेतात, सगळं.

आता शेवटच्या रेघा आल्या आहेत. आत्मारामांनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली आणि स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे तोंड करून, पूर्वीसारखीच, फार मोठ्यानं नाही, हाक मारली,

"यमुना, आले बघ तुझे लोक."